सुमनबाईंची सिलिकॉनची पोरगी

टेम्पो अंगणात येऊन थांबला तेव्हा सुमनबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयारच होत्या. पोरगी दीड वर्षानं घरी येत होती. केबिनच्या काचेतून त्यांना दोन वेण्या, लाल रिबिनी आणि चष्मा दिसला. मागचापुढचा विचार न करता त्यांनी दार उघडलं, त्या चेहऱ्यावरून तुकडा ओवाळून टाकला, ओलं बोट डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "किती गार पडलीस गं!"

"आई, मी इकडे," टेम्पोच्या मागून आवाज आला.

मागच्या फाळक्यावरून जीनची पँट घातलेला, बारीक केस कापलेला, कानामागं एक हिरवी बट असलेला पोरगा खाली उतरला. सुमनबाईंनी त्याला क्लीनर समजून केव्हाच नजरेआड केलं होतं. तीच त्यांची सृष्टी होती. केबिनमध्ये पट्टा लावून बसलेली होती ती सिलिकॉनची.

"यंत्रांची खोकी सांभाळायला मी मागं बसले," सृष्टी म्हणाली. "हिला पुढं बसवली."

टेम्पोवाल्याची आधी मुळीच तयारी नव्हती. नारायणगावपर्यंत तो शेजारी न बघता गाडी चालवत आला. आळेफाट्याला चहावाल्यानं "ताईंना पण एक देऊ का?" म्हणून विचारलं तेव्हा तो दचकला. पण चंदनापुरीचा घाट उतरताना मात्र तो तिला आपल्या मेव्हण्याची भानगड सांगत होता, हे सृष्टीनं मागून स्वतःच्या कानांनी ऐकलं. जाताना तो म्हणाला, "बोलत न्हाई जास्त, पन ऐकून घेती बिचारी."

संगमनेरपासून आत, प्रवरेच्या अलीकडे चिंचओहोळ नावाचं त्यांचं गाव. सृष्टीचे वडील रंगनाथ दोन एकर ऊस आणि पाच गायी सांभाळत. सृष्टी पुण्यात मल्टिमीडिया आर्टिस्ट होती. रंगनाथांनी गावात सांगताना त्यातला 'मल्टी' गाळला होता, त्यामुळं ती मीडियात आहे असा सगळ्यांचा समज होता, आणि ती आली की कोणीतरी फुटलेल्या बंधाऱ्याची बातमी लावायला सांगायचं. खरं तर ती व्हिडिओ, आवाज, पुतळे, मोटारी असलं सगळं एकत्र करून कलाकृती बनवायची. पुढच्या महिन्यात पुण्यातल्या एका गॅलरीत तिचं पहिलं मोठं प्रदर्शन होतं, आणि ही पोरगी त्यातली मुख्य कलाकृती होती. तिचं चित्रीकरण गावातल्या शाळेत करायचं म्हणून सृष्टी तिला घेऊन आली होती.

"पन ही हाय कोन?" सुमनबाईंनी विचारलं.

"मीच. नववीतली."

सुमनबाईंनी पुतळीकडं नीट बघितलं. शाळेचा निळा-पांढरा ड्रेस, पायात काळे बूट, गुडघ्यावर पडलेल्याची खूणसुद्धा होती. "नाक जरा बसकं झालंय," त्या म्हणाल्या. "आन् हे कशासाठी?"

"माझं काम ट्रॉमावर आहे, आई."

"ट्रॉमा म्हंजी त्यो हायवेवरचा? अपघातवाल्यांचा दवाखाना?"

"तसाच, पण मनाचा."

"तुझा कुठं अपघात झाला व्हता?"

"झाला होता की," सृष्टी म्हणाली आणि खोकी उचलायला वळली.

अपघात सगळ्या गावाला माहीत होता, फक्त त्याला कोणी अपघात म्हणत नव्हतं. सृष्टी नववीत असताना गावच्या दूध संस्थेचे चेअरमन बिभीषण आण्णा यांची एकसष्टी शाळेच्या मैदानावर झाली. सूत्रसंचालन सृष्टीकडं होतं, कारण तिचा आवाज चांगला होता. दुर्दैवानं आदल्याच आठवड्यात शाळेचे जुने शिपाई वारले होते आणि त्यांच्या शोकसभेचं सूत्रसंचालनही तिनंच केलं होतं. माईकसमोर उभी राहून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आपल्या सर्वांचे लाडके बिभीषण आण्णा यांना एकसष्टीनिमित्त भावपूर्ण श्रद्धांजली! कृपया सर्वांनी उभे राहावे."

आणि लोक उभे राहिले. सवयच असते माणसाला. अर्धं मैदान टोप्या काढून, माना खाली घालून उभं राहिलं. व्यासपीठावर हारात बुडालेले आण्णाही उभे राहिले. त्यांनीही मान खाली घातली. शेवटी आण्णांची सून ओरडली तेव्हा लोक भानावर आले.

वर्गातल्या रविराजनं हे सगळं मोबाईलमध्ये घेतलं. चार दिवसांत ते तालुकाभर फिरलं, आठवड्यात जिल्हाभर. कोणीतरी त्याला ढोल लावले. त्या उन्हाळ्यात अकोले तालुक्यापासून श्रीगोंद्यापर्यंत प्रत्येक हळदीत "भाव-भाव-भावपूर्ण" वाजलं आणि नवरदेवांचे मामा त्यावर नाचले. दहावीला सृष्टी श्रीरामपूरला मामाकडं गेली, ती शिकायला म्हणून पुढं पुण्याला, तिथून बडोद्याला. चिंचओहोळला ती पाहुणी म्हणूनच येत राहिली.

संध्याकाळी रंगनाथ डेअरीला दूध घालून आले. पडवीत पुतळी खुर्चीवर बसवलेली होती. त्यांनी किटली ठेवली, पाय धुतले, टॉवेलनं तोंड पुसत तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "कवा आलीस? जेवली का?" उत्तर आलं नाही तसं त्यांनी उसाच्या तोडीची, काळ्या गायीच्या पायाची, सगळी हकिकत सांगितली. सृष्टी आतून चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडं, मग खुर्चीकडं बघितलं.

"मला वाटलंच," ते म्हणाले, "आज लई शांत बसलीय म्हनून."

दुसऱ्या दिवशी सृष्टीनं पुतळीची यंत्रणा जोडली. तिच्या पोटात स्पीकर होता आणि छातीवरच्या बिल्ल्यात सेन्सर. कोणी समोरून गेलं की पुतळी मान वळवायची आणि त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेल्या कॉमेंटांपैकी क्रमानं एकेक बोलायची. आवाज कॉम्प्युटरचा होता, बाईचा, अगदी सभ्य. लिहिणाऱ्याचं नाव आधी, मग मजकूर, आणि शेवटी जी चित्रं टाकलेली असतील त्यांचंही वर्णन. एक वायर कमी पडली म्हणून सृष्टी संगमनेरला गेली, आणि जाताना यंत्र बंद करायचं विसरली.

पहिली कॉमेंट कोंबडीला ऐकू आली. ती पुतळीसमोरून गेली, तर पुतळी तिच्याकडं वळून म्हणाली, "कोल्हापुरी ठसका लिहितो, काय ध्यान आहे. जीभ बाहेर काढलेला चेहरा." कोंबडी पंख फडफडवत तुळशीवर चढली.

सुमनबाई केरसुणी घेऊन आल्या. पुतळी त्यांच्याकडं वळली.

"किंग रविराज झिरो सेवन लिहितो, हिला डेअरीच्या कॅनमध्ये घालून झाकण लावा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. आगीचा गोळा."

"कोन रविराज?" सुमनबाई म्हणाल्या. "मंडपवाल्यांचा?"

पुतळी गप्प. सुमनबाई दोन पावलं मागं गेल्या आणि परत पुढं आल्या.

"प्रिन्सेस रेश्मा लिहिते, मी हिला ओळखत नाही."

"आँ? दोघी एका ताटात जेवायच्या की गं!"

सृष्टी वायर घेऊन परतली तेव्हा दुपार कलली होती. सुमनबाई केरसुणी मांडीवर घेऊन पुतळीसमोर पाटावर बसल्या होत्या. मधून मधून केरसुणी हलवायच्या, पुतळी बोलायची, आणि त्या उत्तर द्यायच्या.

"अँग्री मराठा बॉय लिहितो, चष्मा बघा, वेल्डिंगवाली."

"तुझ्या आयला लाव वेल्डिंग! सरकारी तपासनीत मिळाला व्हता त्यो चष्मा."

"आई," सृष्टी म्हणाली.

सुमनबाईंनी वळून बघितलं. डोळे लाल झाले होते. "हे सगळं तू तवा वाचलंस?"

"वाचलं."

"आमाला व्हिडू ठाऊक व्हता. लोक हसले, आमी बी हसलो. पन खाली असं लिहितेत ते कुठं म्हाईत? तू म्हनलीस श्रीरामपूरला शाळा चांगली हाय."

"होतीच चांगली."

"मंग रडत का गेलीस?" सुमनबाई म्हणाल्या. सृष्टीनं वाकून स्विच बंद केला. मग आईला समजावून सांगितलं की ही नावं महत्त्वाची नाहीत, इंटरनेटवर माणूस माणूस राहत नाही, ही माणसं नसून प्रवृत्ती आहे.

"प्रवृत्ती कशाची? मंडपवाल्याचा रविराज हाय त्यो," सुमनबाई उठत म्हणाल्या. "समोरच्या गल्लीत राहतो."

रविराजचा आता साऊंड आणि मंडपाचा धंदा होता. 'घरी पाहुणी आलीय, तुला बोलवतेय' एवढाच निरोप त्याला मिळाला. सुमनबाईंनी सृष्टीला न्हाणीत पाय धुवायला पाठवलं होतं, स्विच चालू केला होता आणि केरसुणी हलवत पुतळीला त्याच्या कॉमेंटच्या अलीकडं आणून ठेवलं होतं. रविराज केस सारखे करत पडवीत आला, आणि समोर नववीतली सृष्टी बघून उंबऱ्यातच थांबला. पुतळी वळली.

"किंग रविराज झिरो सेवन लिहितो..."

कॅन, झाकण, चेहरे, आगीचा गोळा, सगळं झालं. रविराजचे हात आपोआप जोडले गेले.

"माफ कर सृष्टे," तो पुतळीला म्हणाला. "चुकलो. तवा मोबाईल नवीन हुता. काय बी लिहायचो मी. मास्तरला बी लिहिलंय. आज्ज्याला बी लिहिलंय."

"रविराज?" सृष्टी पाय पुसत बाहेर आली.

त्यानं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि मटकन खाली बसला. सुमनबाईंनी पाणी दिलं.

"मला वाटलं," श्वास घेत तो म्हणाला, "तू मोठीच झाली न्हाईस. आमच्या लिहिन्यानं तुझी वाढच खुटली."

सृष्टीला हसू आवरेना. खरं तर हा माणूस तिच्या स्वप्नात कित्येक वर्षं यायचा, आणि स्वप्नात तो चांगला सहा फुटी होता. इथं तो पोट सुटलेला, कपाळावर घाम आलेला, मांडी घालून बसलेला होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टेस्टर होता. जाताना त्यानं विचारलं, "ती आगीचा गोळा म्हनली ना? त्ये आमी चांगल्या अर्थानं टाकायचो. पन तवा कोन्त्या अर्थानं टाकला ते आता आठवत न्हाई."

रेश्मा दुसऱ्या दिवशी आली. ती संगमनेरला दिलेली होती, पतसंस्थेत होती, आणि सुमनबाईंच्या फोननंतर अर्धी रजा टाकून स्कूटीवर आली होती. तिनं काही बोलायच्या आत पुतळीची रिबीन सोडून परत नीट बांधली. "हिला कधीच नीट बांधता यायची नाही, मीच बांधायचे," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग सृष्टी रडली. मग, कोणी का रडतंय हे न कळता, शेजारच्या बनुबाई रडल्या. रेश्मा म्हणाली, तिच्या भावानं विचारलं होतं ही तुझी मैत्रीण का, आणि ती घाबरली होती. दोघींनी मिळून पुतळीच्या शेजारी बसून भेळ खाल्ली.

एव्हाना गावभर झालं होतं. ज्यांनी काही लिहिलं होतं ते गल्ली टाळून जायला लागले, आणि ज्यांनी लिहिलं नव्हतं ते मुद्दाम दोनदा चक्कर मारायला लागले. एकजण तर येऊन विचारून गेला, माझं काही निघतंय का बघा, मला नक्की आठवत नाही.

सृष्टी आईला थांबवायचा प्रयत्न करत होती, पण तिचा प्रयत्न दिवसेंदिवस हलका पडत चालला होता. एकच कॉमेंट मात्र आईनं ऐकू नये असं तिला वाटत होतं. ती तिच्या कलाकृतीचा गाभा होती. व्हिडिओखाली ती लागोपाठ पंधरावीस वेळा टाकलेली होती, एकाच नावानं, एकाच शब्दांत. दुसरे लोक शिवी देऊन निघून जायचे, हा माणूस मात्र जात नव्हता. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात तिनं त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता, 'पुनरावृत्तीतून येणारी थंड हिंसा' म्हणून.

ती कॉमेंट शनिवारी दुपारी बाहेर पडली. सगळे पडवीत होते. रंगनाथ शेंगा फोडत होते. सुमनबाईंनी केरसुणी हलवली.

"बिनधास्त मोबाईल शॉपी लिहितात, पोरीचा आवाज खणखणीत हाय. अशीच बोलत राहा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा."

सुमनबाईंनी परत हलवली. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"हा त्यो स्टँडवरचा तुषार!" सुमनबाई उठल्याच. "दुकानावर देवाचा फोटो लावतो आन् हे धंदे? तरीच तू त्याच्याकडं रिचार्ज मारत न्हवतीस."

सृष्टी खरंच मारत नव्हती. बारा वर्षं ती त्या दुकानासमोरचा रस्ताच टाळत आली होती. पण तिला काही बोलायची संधी मिळाली नाही. सुमनबाई चपला घालून निघाल्या होत्या, आणि ती मागं पळाली.

तुषार मोबाईलच्या काचेला कागद चिकटवत होता. सुमनबाईंनी दोन वाक्यांत विषय काढला, तिसऱ्यात त्याच्या आजोबांपर्यंत पोचल्या.

"काकू, काकू, थांबा," तो कळवळून म्हणाला. "मी तवा सगळ्यांनाच माझ्या दुकानाच्या नावानं अकौंट काढून द्यायचो. लोकांना इंग्रजीत नाव टाकता यायचं न्हाई, आन् माझी जाहिरात व्हायची. गावात निम्मे लोक बिनधास्त मोबाईल शॉपी हुते."

"मंग हे लिहिलं कुनी?"

"आता ते मी कसं सांगू? पन..." त्यानं मान खाजवली. "एक दिवस काका आलते. म्हनले, व्हिडूच्या खाली लिहायचं कसं ते दाखव. दाखवलं मी."

"कोन काका?"

"आपले. रंगनाथ काका."

दोघी झपाझप घरी परत आल्या. पडवीत रंगनाथ तसेच बसले होते. शेंगांचा ढीग संपला होता, पण ते टरफलं परत फोडत होते.

"बाबा," सृष्टी म्हणाली, "ते तुम्ही लिहिलं होतं?"

रंगनाथांनी खाली बघूनच मान हलवली. "लोक काय काय लिहीत हुते. मला शिव्या यायच्या तोंडावर, पन वाटलं पोरगी वाचत आसंल. चांगलं एक तरी दिसावं तिला."

"मग इतक्या वेळा?"

"बटन दाबलं की गोल गोल फिरायचं. गेलं का न्हाई कळंना. म्हनून परत दाबायचो."

"आणि ते हसणारे चेहरे कशाला टाकले?"

"हसनारे?" रंगनाथांनी पहिल्यांदा वर बघितलं. "रडनारे हुते ते. डोळ्यात पानी हुतं की त्यांच्या. मला रडायलाच येत हुतं तवा, म्हनून तीन तीन टाकले."

 सृष्टीला आधी हसू आलं का रडू, ते कळलं नाही. ती बापाच्या शेजारी टरफलांतच बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून एवढी हसली की तिला उचकी लागली. रंगनाथांना वाटलं आपण काहीतरी फार वाईट लिहिलं होतं. ते परत परत म्हणत होते, "चष्मा न्हवता गं. बारीक हुतं चित्र."

"आन् मला का न्हाई सांगितलं?" सुमनबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तू म्हनली आसतीस, तुमाला काय कळतंय त्यातलं."

"म्हनलेच आसते," सुमनबाई म्हणाल्या आणि पदरानं त्यांच्याच डोक्यावरचं एक टरफल काढलं.

संध्याकाळी सृष्टीनं गॅलरीच्या अमृतला फोन केला. प्रदर्शनाची मांडणी तो बघत होता. तिनं सगळं सांगितलं. 

"पण मग हिंसा कुठे गेली?" त्यानं विचारलं. "माहितीपत्रक छापायला गेलंय, सृष्टी. बाबांची माया वगैरे आली की काम सॉफ्ट होतं."

"होऊ दे सॉफ्ट. सिलिकॉनचंच आहे."

तिनं त्याच दिवशी माईक जोडला. पुतळी बोलायची आणि सुमनबाई उत्तर द्यायच्या, ते सगळं ध्वनिमुद्रित केलं. रंगनाथांनाही बसवलं, पण माईक समोर आल्यावर ते फक्त "हां" म्हणाले.

रविवारी शाळेच्या मैदानावर चित्रीकरण होतं. रविराजनं मंडप आणि माईक फुकट दिला. पुतळीला त्याच जुन्या व्यासपीठावर उभं केलं, एवढ्यात पांढरे इस्त्रीचे कपडे घालून बिभीषण आण्णा स्वतः आले. वय त्र्याहत्तर, मिशा काळ्याभोर.

"कळलं मला," ते म्हणाले, "आमच्या निधनाचं शूटिंग हाय."

सृष्टीनं वाकून नमस्कार केला.  गेल्या कित्येक वर्षांत ती त्यांच्यासमोर आली नव्हती.

"माफी मागायची राहिली होती, आण्णा."

"कशाची? आगं, त्या दिवसानं माझी पुढची पंचवार्षिक तारली. जे पटकन उठले ना, ते सगळे विरोधी पार्टीचे. एकेकाचं तोंड बघून ठिवलं मी."

"पण तुम्ही स्वतः का उभे राहिलात?"

"सगळे उठले म्हनून उठलो. राजकारनात हवा बघून उठावं लागतं. कुनाचं हाय ते मागनं बघायचं." आण्णा हसले, मग त्यांनी पुतळीच्या गुडघ्यावरची खूण बघितली आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "मीच तुला बोलवून घ्यायला पायजे हुतं, पोरी. मला काय वाटलं न्हाई म्हनून सांगायला पायजे हुतं. एवढीशी हुतीस. मी शालींतच गुतलो."

चित्रीकरणात ते पुतळीशेजारी उभे राहिले. कॅमेरा चालू झाल्यावर त्यांना वाटलं भाषण करायचं आहे, आणि त्यांनी दुधाच्या फॅटवर बराच वेळ भाषण केलं. सृष्टीनं त्यातला शब्दही कापला नाही.

प्रदर्शनाला सुमनबाई आणि रंगनाथ एसटीनं पुण्याला आले. गॅलरीत अंधार होता, पुतळीवर एकच दिवा होता. लोक पायऱ्या उतरल्यासारखे हळू हळू चालत होते. सुमनबाईंना पहिल्यांदा दिसलं ते हे, की पोरगी एकटी उभी आहे. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, तिच्याशेजारी बसल्या आणि प्रवासात विस्कटलेली तिची वेणी सोडून परत घालायला लागल्या. रखवालदार धावत आला. कलाकृतीला हात लावू नका म्हणाला.

"माझ्याच पोरीला हात लावायला तुला इचारू?" सुमनबाई म्हणाल्या.

मागं जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कलाकृतीचाच भाग आहे. अमृत सृष्टीकडं बघून कुजबुजला, "हे तू आधी का नाही सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी सुमनबाईंना बघायला जास्त लोक आले. पुतळी कॉमेंट म्हणायची, स्पीकरमधल्या सुमनबाई एक उत्तर द्यायच्या आणि खुर्चीतल्या सुमनबाई त्याहून जास्त कडक दुसरं. रंगनाथ दाराशी उभे राहून येणाऱ्याला चपला काढायला सांगत होते. गॅलरीबाहेर पुणेकरांच्या बुटांची रांग लागली होती.

शेवटच्या दिवशी एका वेबसाइटवर परीक्षण आलं. लिहिणाऱ्यानं काम फार नाजूक आणि फार निर्दय आहे असं म्हटलं होतं, आणि आईची भूमिका करणाऱ्या वृद्ध अभिनेत्रीचं खास कौतुक केलं होतं. सृष्टीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"वृद्ध?" सुमनबाई म्हणाल्या. "नाव काय म्हनलीस त्याचं?"

ते परीक्षण वाचून केरळातल्या एका मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. काम पाठवा, पण अभिनेत्रीसह पाठवा, अशी अट होती. गायींचं काय, हा प्रश्न दोन दिवस चालला. शेवटी रंगनाथ म्हणाले, "जा की. मी हाय, रविराज हाय." रविराज धार काढायला शिकला होता. त्यानं त्यावर एक रीलसुद्धा टाकली होती, आणि तिच्याखाली सुमनबाईंनी बनुबाईंच्या नातीकडून लिहून घेतलं होतं की धार नीट काढतो.

खोक्यात घालून पोरगी पाठवायला सुमनबाईंनी साफ नकार दिला. म्हणून पुण्याहून निघालेल्या रेल्वेत खालच्या बाकावर खिडकीशी पुतळी बसली, तिच्या शेजारी सुमनबाई, आणि वरच्या बाकावर सृष्टी पाय पोटाशी घेऊन आडवी झाली. समोर सोलापूरच्या एक बाई होत्या. त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी काढली आणि ओळख वाढवली.

"दोघी तुमच्याच का?"

"व्हय. वर झोपलीय ती आन् ही, दोघी एकच हायेत तशा," सुमनबाई म्हणाल्या. "पन सांभाळायच्या वेगळ्या लागतेत."

बाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा पुतळीपुढं धरला. "अबोल आहे जरा. कितवीला?"

वरच्या बाकावर सृष्टीनं डोळे मिटूनच कान दिला.

"नववीला," सुमनबाई पुतळीच्या वेणीची रिबीन सारखी करत म्हणाल्या. "पन बास झाली आता नववी. यंदा दहावीला घालनार हाय."